सिबिलच्या नोंदवहीतली आपली पत

२०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरची एक बातमी राज्यभर फिरली. स्थळ पसंत होते, बोलणी होत आली होती. तेवढ्यात मुलीच्या मामाने मुलाचे सिबिल पाहायचा आग्रह धरला. मुलाच्या नावावर बरीच कर्जे निघाली, स्कोअर कमी निघाला आणि सोयरीक मोडली. अनेकांना त्यात गंमत वाटली. मला ती बातमी गंभीर वाटली, कारण त्या मामाने जे केले तेच बँका आणि फायनान्स कंपन्या रोज करतात, आणि आता काही ठिकाणी नोकरी देणारेही करतात. स्टेट बँकेने कर्जनोंद खराब म्हणून एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली, आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बँकेचे म्हणणे उचलून धरले. एका तीन आकडी संख्येवर माणसाची इतकी कामे अडू लागली आहेत, आणि ती संख्या तयार कशी होते हे बहुतेक घरांत अजून कुणी नीट सांगितलेले नाही.

माझे मत आधीच मांडतो. चांगली कर्जनोंद तयार व्हायला मोठे कर्ज लागत नाही आणि व्याजही भरावे लागत नाही. लागते ती छोटी उधारी, दर वेळी पूर्ण आणि वेळेवर फेडलेली, आणि तीही काही वर्षे सलग. 'सिबिल वाढवायचे तर कर्ज काढा' हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने भले होण्यापेक्षा नुकसानच जास्त होते.

सिबिल हे मुळात एका कंपनीचे नाव. सिद्दिकी समितीच्या शिफारशीवरून ती २००० साली मुंबईत स्थापन झाली आणि २००४ पासून लोकांच्या कर्जांची माहिती बँकांना पुरवू लागली. त्याआधी एका बँकेत थकबाकी ठेवून दुसऱ्या बँकेत नव्याने कर्ज काढणे सहज शक्य होते, कारण एकीची वही दुसरीला दिसत नव्हती. २००५ च्या कायद्याने या व्यवसायाला चौकट मिळाली आणि २०१० पासून एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क (आजची क्रिफ हाय मार्क) या आणखी तीन कंपन्या आल्या. चारही कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालतात आणि बँकांना आपली माहिती चौघींनाही द्यावी लागते. कर्ज द्यायचे की नाही हे मात्र या कंपन्या ठरवत नाहीत. त्या फक्त नोंद ठेवतात आणि नोंदीवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक स्कोअर काढतात. किमान स्कोअर किती हवा हे रिझर्व्ह बँकेने कुठेही ठरवून दिलेले नाही. ७५० च्या वर असेल तर बँकेचा चेहरा खुलतो, एवढेच व्यवहारात दिसते.

त्या खुललेल्या चेहऱ्याची किंमत बरीच असते. बऱ्याच बँकांचा गृहकर्जाचा दर आता स्कोअरप्रमाणे बदलतो. ४० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी मिळाले तर हप्ता साधारण ३४,७०० रुपये पडतो. नऊ टक्क्यांनी मिळाले तर जवळजवळ ३६,०००. अर्ध्या टक्क्याचा हा फरक वीस वर्षांत तीन लाखांच्या पुढे जातो.

स्कोअरकडे सगळे पाहतात, पण वाचायचा असतो तो अहवाल. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. २०१७ पासून तो आपला हक्क आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. वर नाव, पॅन, जन्मतारीख, पत्ते. खाली एकेक कर्जखाते. प्रत्येक खात्याखाली छोट्या चौकोनांच्या ओळी असतात, महिन्याला एक चौकोन, असे तीन वर्षांचे चौकोन. त्या महिन्यात हप्ता किती दिवस लांबला तो आकडा त्यात असतो. ००० म्हणजे थकबाकी नाही. ०३२ म्हणजे देय तारखेला बत्तीस दिवस उलटून गेले. नव्वदच्या पुढे गेले की बँकेच्या लेखी ते खाते अनुत्पादक होते. एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने दिलेलीच नाही. सगळ्या चौकोनांत शून्ये असलेले लहानसे खाते नव्या बँकेच्या अधिकाऱ्याला जे सांगते, ते पगाराच्या स्लिपांचा गठ्ठाही सांगू शकत नाही. सर्वात खाली आणखी एक यादी असते: कोणत्या बँकेने, कधी, कशासाठी आपली चौकशी केली. महिन्याभरात पाच ठिकाणी अर्ज टाकले तर पाच चौकश्या तिथे दिसतात आणि हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे असा त्याचा अर्थ लावला जातो. मोबाइलवरच्या 'तुमची पात्रता तपासा' या बटणामागे पुष्कळदा अशीच चौकशी दडलेली असते.

आता क्रेडिट कार्ड. रोजच्या व्यवहारातून नोंद तयार करायला यासारखे सोपे साधन नाही, आणि घर बुडवायलाही. किराणा, पेट्रोल, विजेचे बिल असे जे खर्च नाहीतरी होणारच आहेत तेवढेच कार्डावर घालायचे आणि बिल आले की पूर्ण भरायचे. बिल तयार होण्याची तारीख आणि भरायची तारीख यांत साधारण अठरा-वीस दिवस असतात. त्यामुळे वापरलेल्या पैशावर महिना-दीड महिना व्याज पडत नाही. बँकेला व्याज मिळाले नाही म्हणून नोंद कच्ची राहते असे मुळीच नाही. चौकोनात शून्य येते ते वेळेवर भरल्यामुळे.

घात होतो तो बिलावरच्या 'मिनिमम ड्यू' या आकड्याने. समजा बिल २०,००० रुपयांचे आले आणि मिनिमम १,००० रुपये आहे. हजार भरले, दंड लागला नाही, चौकोनातही शून्य आले. माणसाला वाटते, निभावले. पण व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल तर २०,००० वर महिन्याचे ७०० रुपये झाले आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६. म्हणजे भरलेल्या हजारातले ८२६ व्याजात आणि करात गेले, मूळ रक्कम जेमतेम पावणेदोनशेने उतरली. शिवाय मागचे पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज दुपारी घेतलेल्या भाजीवरही आजपासूनच व्याज. वर्षाचा हिशेब केला तर हा दर ४२ टक्क्यांवर जातो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे कायद्याने मर्यादा घातली जाईल या आशेवर कुणी राहू नये. ऑटो-डेबिट लावाल तेव्हा ते पूर्ण बिलाचे लावा. फॉर्मवर 'मिनिमम' आणि 'टोटल' असे दोन पर्याय असतात, तिथे नजर ठेवा.

लिमिटच्या किती टक्के वापरावे यावर खूप लिहिले जाते. तीस टक्क्यांच्या आत राहा, असा एक ठोकताळा आहे. नियम नव्हे, पण त्यामागचे कारण खरे आहे: ५०,००० च्या लिमिटवर दर महिन्याला ४७,००० वापरणारा माणूस, वेळेवर भरत असला तरी, बँकेला ओढगस्तीतला वाटतो. यात एक बारकावा आहे. ज्या दिवशी बँक माहिती पाठवते त्या दिवशीची बाकी अहवालात दिसते. २०२५ च्या जानेवारीपासून ही माहिती महिन्यातून निदान दोनदा जाते. म्हणून टीव्ही किंवा लग्नाची खरेदी असा एखादा मोठा खर्च कार्डावर पडला, तर बिलाची वाट न पाहता आधीच थोडी रक्कम भरून टाकलेली बरी.

एखादी तारीख चुकली तर लगेच हबकून जायचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार, देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँकेला ते खाते थकीत म्हणून कळवता येते किंवा दंड लावता येतो. पण या तीन दिवसांची सवय लावून घेऊ नये. न मागता कार्ड गळ्यात मारायला आणि न विचारता लिमिट वाढवायला याच निर्देशांनी मनाई केली आहे. कार्ड बंद करायचा अर्ज आला की बाकी नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे, नाहीतर रोजचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. मॉलमध्ये आग्रहाने दिलेले, कधीच न वापरलेले आणि वार्षिक शुल्क साचत गेलेले कार्ड ही अनेक तरुणांच्या अहवालातली पहिली खोट असते. कात्रीने कापून कार्ड बंद होत नाही. अर्ज करा, बेबाकी दाखला घ्या, जपून ठेवा. मात्र सर्वात जुने कार्ड शुल्क नसेल तर राहू द्यावे. नोंदीचे वय त्यावरून धरले जाते.

ज्यांनी कधीच कर्ज घेतले नाही त्यांच्या अहवालात स्कोअरच्या जागी उणे एक येते. ते वाईट नाही, पण त्यातून बँकेला काहीच कळत नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ नोंद नाही म्हणून फेटाळू नये असे रिझर्व्ह बँकेने आपल्या निर्देशांत म्हटले आहे, आणि अर्थराज्यमंत्री पंकज चौधरी यांनी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत त्याची आठवण करून दिली. शाखेत गेल्यावर मात्र अनुभव वेगळा येतो. अशांनी वीस-पंचवीस हजारांची मुदतठेव ठेवून तिच्यावर मिळणारे कार्ड घ्यावे. ठेवीच्या ७५ ते ९० टक्के लिमिट मिळते, ठेवीचे व्याज चालू राहते, पगाराची स्लिप कुणी मागत नाही. घरकाम करणाऱ्या ताई, रिक्षावाले, शिकवण्या घेणारी मुलगी यांना हाच रस्ता सोयीचा. नोकरीला लागलेल्या मुलांना दुकानात दाखवतात तो 'नो कॉस्ट ईएमआय'चा रस्ता मात्र विचार करून घ्यावा. मोबाइल बारा हप्त्यांत घेणे हे कर्जच आहे, आणि ॲपवरून दिलेले कर्ज कितीही लहान, कितीही थोड्या दिवसांचे असले तरी त्याची नोंद कळवलीच पाहिजे असे सप्टेंबर २०२२ पासून बंधन आहे. पंधरा हजारांच्या फोनचे दोन हप्ते बाउन्स झाले आणि पुढे चार वर्षांनी घराच्या कर्जात त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागले, असे घडते. त्यातच आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. टपरीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की चहा-वड्याचे पैसेही उधारीवर जातात. खात्यातून गेले की कार्डावरून, हे पडद्यावर पटकन लक्षात येत नाही. सोय चांगली आहे, पण महिन्याचा हिशेब लिहायची सवय नसलेल्याने कार्ड यूपीआयला जोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

महाराष्ट्रात या विषयातली सर्वात मोठी जखम कार्डाची नाही, जामिनाची आहे. आपल्याकडे सहकारी बँकेत दोन जामीनदार लागतात, आणि एकाच शाळेत, एकाच एसटी डेपोत, एकाच कार्यालयात काम करणारे लोक एकमेकांना सही देतात. तू माझ्या घराला, मी तुझ्या मुलीच्या लग्नाला. ही देवाणघेवाण माणुसकीची आहे आणि तिने हजारो संसार उभे केले आहेत. पण जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज 'गॅरंटर' म्हणून उभे राहते, हे सही करताना कुणी सांगत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी स्वतःचा एकही हप्ता कधी चुकवला नव्हता. मुलाच्या शिक्षणासाठी सहकर्जदार म्हणून बँकेत गेले तेव्हा त्यांचा अहवाल समोर आला. सोसायटीच्या घराचे कर्ज, दुचाकीचे कर्ज, दोन्हीकडे शून्येच शून्ये. तिसरे खाते एका सहकाऱ्याच्या तीन लाखांचे होते: ०३१, ०६१, ०९२, आणि पुढे वाढतच गेलेले आकडे. सहकाऱ्याची बदली झाली होती, हप्ते थांबले होते, आणि बँकेने जामीनदाराला एक पत्रही टाकले नव्हते. निदान त्यांच्या हाती ते पडले नव्हते. जामीन देऊ नका असे मी म्हणणार नाही. आपल्या समाजाचे अर्धे व्यवहार त्यावर उभे आहेत. पण सही करणाऱ्याने कर्जाचा खातेक्रमांक आणि हप्त्याची तारीख लिहून घ्यावी आणि सहा महिन्यांतून एकदा अहवाल उघडून ते खाते पाहावे. विचारायला संकोच वाटतो, पण जामीनदार म्हणून तेवढे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. मुलाच्या शिक्षणाच्या बाबतीत एक दिलासा सांगण्यासारखा आहे: विद्यार्थ्याचा स्कोअर कमी, एवढ्याच कारणाने शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे.

दुसरी जखम 'सेटलमेंट'ची. थकलेले कर्ज एकरकमी तडजोडीने मिटवले की माणूस सुटकेचा श्वास सोडतो. वसुलीचे फोन थांबतात. पण अहवालात त्या खात्यावर 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि नव्या बँकेला त्यातून कळते की या माणसाकडून पूर्ण पैसे वसूल झाले नव्हते. हा शेरा बरीच वर्षे राहतो. तडजोडीशिवाय मार्ग नसेल तर करावीच, घरदार विकून कुणी कार्डाचे बिल भरू नये. मात्र पुढे हातात पैसे आले की सोडलेली रक्कम भरून खाते 'क्लोज्ड' करून घेता येते का, हे बँकेला लेखी विचारावे.

शेतकऱ्याच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक कठीण होतो. त्याचा हप्ता पगारावर नाही, पावसावर आणि बाजारभावावर ठरतो. सोयाबीन आडवे झाले तर चौकोनात शून्य कुठून येणार? २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली आणि त्यावरच्या रकमेसाठी एकरकमी परतफेडीचा मार्ग ठेवला होता. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत मर्यादा दोन लाखांची होती. सातबारा कोरा होतो, पण कर्जनोंद आपोआप कोरी होत नाही. सरकारने पैसे भरले तरी खाते थकले होते हा इतिहास उरतो. माफीचे निर्णय जाहीर होतात तेव्हा या बाजूबद्दल कुणी बोलत नाही, ही मला मोठी उणीव वाटते. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जाला सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. इशाऱ्यामागची कळकळ मी समजू शकतो, पण त्याने मुळातला प्रश्न सुटत नाही. नोंद ठेवण्याच्या पद्धतीत नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्रचना झालेल्या कर्जासाठी वेगळा शेरा आहे. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली की बँकांनी तो शेरा नीट वापरला, तर आळसाने चुकवलेला हप्ता आणि पुराने चुकलेला हप्ता यांतला फरक निदान कागदावर दिसेल.

आणि या वहीत ज्यांचे नावच नाही त्यांचे काय? गावातल्या पतसंस्थेचे कर्ज वर्षानुवर्षे चोख फेडणारी बाई, भिशीचा एकही हप्ता न चुकवलेला भाजीवाला, वाण्याची उधारी दर पहिल्या तारखेला चुकती करणारा कामगार: यांच्यापेक्षा चांगला कर्जदार बँकेला कुठे मिळणार? पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत आणि त्यांच्या कर्जांची माहिती बहुधा या कंपन्यांपर्यंत जातच नाही. बचत गटातल्या बायकांची माहिती सदस्यवार कळवायला रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये बँकांना सांगितले, ते योग्य झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नव्या व्यवस्थेत, जिला पुढे 'युनिफाइड लेंडिंग इंटरफेस' हे नाव मिळाले, जमिनीच्या नोंदी आणि डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशेबही कर्ज देताना पाहता येतो. रोज डेअरीवर दूध घालणाऱ्या माणसाच्या नियमितपणाला आता कुठे बँकेच्या लेखी किंमत येऊ लागली आहे, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी थोडेसे. पुण्यातला ८०० चा स्कोअर न्यू जर्सीत चालत नाही. तिथे वही पुन्हा कोरी असते आणि तिथेही ठेवीवरच्या कार्डानेच सुरुवात करावी लागते. जाताना इथली कार्डे आणि हप्ते निकाली काढून जावे, कारण परत येऊन घर घ्यायची वेळ येते तेव्हा इथलीच नोंद उघडली जाते.

राहता राहिल्या चुकीच्या नोंदी. त्या खूप असतात: फेडून झालेले कर्ज चालू दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या नावावर येणे, आपला पॅन वापरून कुणी ॲपवरून घेतलेले आठ-दहा हजार. 'सिबिल क्लिअर करून देतो' असे संदेश येतात, पाच-दहा हजार मागतात. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करून घ्यायला एक पैसा लागत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, बँकेलाही लेखी कळवावे, सोबत बेबाकी दाखला जोडावा. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. २०२४ च्या एप्रिलपासून त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. त्या तीस दिवसांतले पहिले एकवीस दिवस बँकेचे असतात, म्हणून पाठपुरावा बँकेकडे करावा. कुणी आपला अहवाल उघडला की एसएमएस किंवा ईमेल येणेही आता बंधनकारक आहे, त्यासाठी बँकेत मोबाइल क्रमांक चालू ठेवावा; आपण अर्ज केलेला नसताना असा संदेश आला तर त्याच दिवशी अहवाल उघडावा. एवढे करूनही दाद लागली नाही, तर सप्टेंबर २०२२ पासून या चारही कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तिथे तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार कशी करायची हे १४४४८ या क्रमांकावर मराठीत विचारता येते.